म्हसोबाच्या पोटातली गोळी

“गोळ्या तपासणाऱ्या बाई त्या तुमीच का वं?”

मी तेव्हा कापसाच्या पेटीत कमरेपर्यंत शिरले होते. पदर खोचलेला, केसांत कापूस, नाकात कापूस. आवाज ऐकून डोकं बाहेर काढलं तर दारात एक उंच, काळीसावळी, नऊवारीतली बाई उभी. कपाळावर ठसठशीत कुंकू, काखेत भाकरीचं फडकं. तिच्यामागे आमचा पहारेकरी धापा टाकत म्हणत होता, “मॅडम, मी नको म्हणत होतो, पण ह्या ऐकतच नाहीत.”

“मीच ती. काय काम आहे?”

“आमच्या देवाच्या पोटात गोळी हाय. काढून पायजे.”

नोकरीत येऊन मला फार दिवस झाले नव्हते, पण तोवर तऱ्हेतऱ्हेचे लोक बघून झाले होते. एकाने शेजाऱ्यावर संशय म्हणून शिकारीचं अख्खं रानडुक्कर आणलं होतं. पोट बिघडलेला देव मात्र पहिलाच. मी तिला स्टूल दिलं, ती भुईवरच बसली आणि पेटीकडे बघत राहिली.

“गादी भरताय व्हय?”

“नाही हो. ह्या पेटीत आम्ही गोळ्या झाडतो.”

“कापसात?” तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू सरकारने मला वेड्यांच्या इस्पितळातून उचलून इथे नेमलं असावं.

मग मला सगळं सांगावं लागलं. मोठ्या प्रयोगशाळेत यासाठी पाण्याची टाकी असते. आमची टाकी गळकी असल्यामुळे आमच्याकडे कापूस. बंदूक आली की पेटीच्या तोंडाशी धरून बार काढायचा. गोळी कापसात शिरते, दमते आणि कुठेतरी थांबते. मग कापूस उपसत ती हुडकायची, तिच्यावर नवा ओरखडा न येऊ देता. कारण बंदुकीच्या नळीत आतून पिळाच्या खाचा असतात आणि प्रत्येक नळीच्या खाचांची खोड निराळी. जाता जाता त्या गोळीच्या अंगावर रेषा ओढतात. गुन्ह्यातली गोळी आणि कापसातली गोळी भिंगाखाली शेजारी ठेवल्या आणि रेषा जुळल्या की बंदूक सापडली.

“म्हंजी बंदूक अंगठा उठवती म्हना की.”

“बरोबर.”

“मंग चला,” ती उठलीच. “आमच्या म्हसोबाच्या पोटातल्या गोळीवर कुनाचा अंगठा हाय त्यो सांगा.”

तिला पुन्हा बसवून मी सगळी हकिगत काढून घेतली. ती भेंडवडीची हौसाबाई शेडगे. नवरा लष्करातून हवालदार मेजर होऊन आलेला, त्यामुळे गावात तो मेजर आणि ही मेजरीण. भेंडवडीत म्हसोबाच्या जत्रेला पालखी परत आली की देवापुढे सलामीचे दोन बार काढायची रीत. एक बार गावचे कारभारी आप्पासाहेब जगदाळे यांचा, दुसरा मेजरचा. दोघांकडे परवान्याचं रिव्हॉल्व्हर, दोन्ही एकाच बनावटीची, जुळ्या भावांसारखी. मंडपाच्या पायरीवर डावी-उजवीकडे उभं राहून दोघांनी एकदम उघड्या आभाळात बार काढायचे. त्या वर्षी गर्दी रेटली, धक्काबुक्की झाली, दोन्ही बार उडाले आणि देवाजवळ गुलालाचं ताट घेऊन उभा असलेला सर्जेराव खाली पडला. गोळी मानेतून आरपार गेली होती.

“सर्जेराव कोण?”

“माझा धाकला भाऊ.” तिने फडक्याची गाठ सोडली, पुन्हा बांधली. “पोलीस आलं तवा आमच्या मेजरनं त्यास्नी सलाम ठोकला आनि म्हनाला, माझीच गोळी. माझा हात खाली आला व्हता. आप्पासायेब म्हनालं, व्हय, मी बी बगितलं. झालं. नेलं त्याला.”

“आणि तुम्हाला काय वाटतं?”

“मला काय वाटायचं? मी पालखीच्या मागं व्हते. बाई, आज ना उद्या त्यो सुटंल, दारात यील. मला फकस्त एवढं सांगा, त्यानं माझ्या भावाला मारलं आसंल तर त्याला भाकरी वाढायची का दार लावून घ्याचं? त्यो म्हनतो म्हनून मी मानायचं? त्याला सोताच्या चपला कुटं काढल्या ते ठावं नसतं.”

यावर मला हसू आलं आणि हसल्याची लाजही वाटली. ती मात्र गंभीर होती.

चौबळ सर म्हणजे आमच्या विभागाचे प्रमुख. तोंडात पान आणि जिभेवर नियम, त्यामुळे दोन्ही नीट बाहेर पडत नसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “काणेकर, पोलिसांच्या पत्राशिवाय आपण माशीसुद्धा तपासत नाही. शिवाय देव हा मुद्देमाल कसा होईल? झाला तर त्याला लाखेचं सील कुठे मारणार?”

पण माणूस आतून चांगला. त्याच दिवशी त्यांनी वर पत्र टाकलं. वरून फौजदारांना खरमरीत विचारणा झाली आणि पुढच्याच आठवड्यात मी फौजदार रणखांब्यांच्या जीपमध्ये हाडं मोजत भेंडवडीला निघाले. रणखांबे वाटभर कुरकुरत होते. “कबूल झालेला माणूस हातात आहे, बाई. अशा वेळी गोळी हुडकणं म्हणजे जेवण झाल्यावर चूल पेटवणं. मागे एका दरोड्यात दाराच्या चौकटीतली गोळी मी स्वतः स्क्रू ड्रायव्हरनं उकरून काढली होती. पाठवली होती तुमच्याकडे.”

“ती तुम्ही पाठवली होती? तिच्यावर तुमच्या स्क्रू ड्रायव्हरचे एवढे ओरखडे होते की आम्हाला वाटलं, खून स्क्रू ड्रायव्हरनेच झाला.”

त्यानंतर गाव येईपर्यंत ते बाहेरचा ऊस बघत राहिले.

म्हसोबा गावाबाहेर. समोर पत्र्याच्या छपराचा लाकडी मंडप, देव मात्र उघड्यावर, कारण डोक्यावर छप्पर त्याला चालत नाही म्हणे. बसलेल्या माणसाएवढा शेंदराचा गोळा, त्याला चांदीचे डोळे आणि पितळी मिशा. पिढ्यानपिढ्या तेल-शेंदराची पुटं चढून आतला दगड कुठल्या आकाराचा होता हे कुणालाच ठाऊक नव्हतं. शेजारी त्याचा पुजारी शिदू गुरव उभा होता आणि थोड्या अंतरावर मेजरीण.

“देवाला भोक पडलं होतं, हे तुम्ही बघितलं होतं?” मी गुरवाला विचारलं.

“बगितलं की. डाव्या कुशीला. बोट जाईल एवढं.”

रणखांबे उसळले. “मग मला का नाही सांगितलंस? मी दोन दिवस इथे झाडं-भिंती तपासत होतो!”

“सायेब, तुमी भिंती बगत व्हता. देवाकडं तुमी फकस्त नमस्काराला वळला,” गुरव शांतपणे म्हणाला. “आनि भोक पडलेला देव पुजायचा कसा? सांजच्याला पालखी बसायची व्हती. शेंदूर कालिवला आनि बुजवून टाकलं. फुडच्या आवसंला सगळ्या अंगाला नवीन हात दिला.”

म्हणजे पुरावा बुजवून वर रंगरंगोटीही झाली होती. ह्यात गुरवाचा काडीचाही डाव नव्हता. खंडित देव गावाला चालत नाही एवढंच त्याला ठाऊक होतं आणि त्याने आपलं काम चोख केलं होतं. डाव्या कुशीचा नवा शेंदूर पहिले काही दिवस जास्त लाल दिसत होता, तेवढ्यावरून मेजरणीने ओळखलं होतं. आता तर सगळा देव एकाच रंगाचा.

रणखांब्यांनी जिल्ह्याहून धातू शोधायचं यंत्र आणलं होतं. ते देवाजवळ नेताच किंचाळायला लागलं. डावीकडे किंचाळे, उजवीकडे किंचाळे, मिशीजवळ तर थांबेचना. नवस फेडणारी माणसं वर्षानुवर्षं ओल्या शेंदरात नाणी दाबून ठेवत होती.

“मग असं करू,” रणखांबे म्हणाले, “देव ट्रॅक्टरमध्ये घालू आणि सिव्हिल हॉस्पिटलात एक्स-रे काढू.”

“शेंदूर शिशापासूनच करतात, साहेब. फोटोत देव नुसता पांढरा फटक येईल.”

“आनि देव शीव वलांडत न्हाई,” गुरवाने पुस्ती जोडली.

राहता राहिला एकच मार्ग, शेंदराची खोळ पापुद्र्या-पापुद्र्याने उतरवायची. मी तसं म्हणताच जमलेली माणसं एकमेकांकडे बघू लागली आणि तेवढ्यात माणसांच्या मागून खाकरल्याचा आवाज आला. आप्पासाहेब. कडक इस्त्री, कपाळी बुक्का, चेहऱ्यावर सगळ्या गावाची काळजी.

“बाईसाहेब, तुम्ही शिकलेल्या. आमचा देव पडला अडाणी. त्याच्या अंगाला बाईमाणसाचा हात चालत नाही. वाडीवर काही संकट आलं तर तुम्ही शहरात असाल, भोगायचं आम्हाला.”

“मी हात लावणार नाही. गुरव काढतील, मी फक्त सांगेन.”

“तरी खोळ काढायची तर देवाला विचारायला नको?” आप्पासाहेब गोड हसले. “कौल लावा. देव नाही म्हणाला तर मी तुम्हाला चहा पाजून गाडीपर्यंत सोडतो.”

रणखांब्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. भारतीय पुरावा कायद्यात कौलाबद्दल काहीच नव्हतं, पण शंभर माणसांच्या मनाविरुद्ध देव सोलायची छाती आमच्यापैकी एकाचीही नव्हती. गुरवाने अंघोळ केली, कण्हेरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून देवाच्या छातीवर उजवीकडे एक, डावीकडे एक अशा चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही.

आम्ही बसलो. कळ्याही बसल्या. आवसेचा हात ताजा, तेल अजून वाळलेलं नाही, त्यामुळे दोन्ही कळ्या देवाला अशा चिकटल्या होत्या की पुढच्या जत्रेपर्यंत हलल्या नसत्या. चहा आला, संपला, पुन्हा आला. आप्पासाहेबांनी उसाचा भाव काढला. रणखांबे मंडपाच्या खांबाला टेकून घोरू लागले. शासनाचा एक अख्खा कामकाजाचा दिवस दोन कळ्यांकडे बघण्यात चालला होता.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा मेजरीण उठली. तरातरा देवासमोर गेली. पुढचं मी जन्मात विसरणार नाही.

“म्हसोबा! लगीन हून ह्या गावात आले तवापास्नं तुज्याफुडं कवा त्वांड उघाडलं न्हाई. नारळ दिलं, खाल्लंस. कोंबडं दिलं, खाल्लंस. आता माज्या भावाच्या नरड्यातनं आल्याली गोळी बी गिळून गप बसलाईस? गावाचा राखनदार म्हनवून घेतोस आनि एवडं एक सांगाय तुजी दातखीळ बसती? त्या मानसाला माज्या चुलीम्होरं बसू दिऊ का नगं दिऊ? बोल की रं, मुडद्या! मिशा कशाला लावल्यात?”

आणि तिने हातातली पितळी लोटी फरशीवर अशी आपटली की रणखांबे “कोण आहे रे” करत जागे झाले.

उजवी कळी पडली.

माझं मत विचाराल तर उजवी बाजू उन्हात होती, तेल पातळ झालं होतं आणि लोटीच्या दणक्याने उरलेलं काम केलं. पण माझं मत कुणी विचारलंच नाही. आप्पासाहेब म्हणाले, “एकदा परत लावा.” गुरवाने त्यांच्याकडे बघितलंसुद्धा नाही. “देवाला दोनदा इचारत न्हाईत, आप्पा,” तो म्हणाला आणि हात धुवायला गेला.

मी माझी अट सांगायला पुढे झाले. “शिदूअण्णा, एक लक्षात ठेवा. लोखंड अजिबात लावायचं नाही.”

“मी बी तेच सांगनार व्हतो,” गुरव चकित होऊन म्हणाला. “देवाला लोखंड चालत न्हाई. तुमच्यात बी न्हाई का?”

“आमच्यात पण नाही. गोळीवर चरा पडतो.”

तेव्हापासून गुरव मला आपल्यातली समजू लागला. बांबूच्या कामट्या तासून आणल्या, तेलाचे हात केले आणि आम्ही खोळ उतरवायला लागलो, म्हणजे तो उतरवत होता आणि मी नाक खुपसत होते. पापुद्रे निघत गेले, केशरी, लाल, विटकरी, आत आत काळपट. नाणी निघाली, बांगड्यांचे तुकडे निघाले, कुणाचा तरी सोन्याचा म्हणून वाहिलेला पितळी मणी निघाला. मेजरीण तांब्याचं ताट धरून उभी होती. रणखांबे पंचनामा लिहीत होते आणि मध्येच त्यांनी आपण होऊन विचारलं, “बाई, मग त्या चौकटीतली गोळी काढायची होती कशी?”

“काढायचीच नव्हती. लाकूड कापून आणायचं, चांगलं हातभर मोकळं सोडून. गोळी लाकडात राहू द्यायची. उकरायची आमची आम्ही.”

डाव्या कुशीला ताज्या शेंदराचा बोळा लागला. गुरवाने तो हलक्या हाताने ओढला तशी मागे बोटाएवढी वाट दिसली, आणि वाटेच्या टोकाला, मऊ जुन्या शेंदरात नाक खुपसून, गोळी. कुठे चेपलेली नाही, कुठे फाटलेली नाही. वाटेत हाड लागलं नव्हतं, शेवटी दगड लागला नव्हता. आमच्या सरकारी कापसालाही इतकं चांगलं जमलं नसतं.

मी ती कामटीने कापसावर घेतली. मेजरीण वाकून बघत होती.

“पुसत न्हाई व्हय?”

“नाही. आहे तशीच न्यायची.”

“त्याच्यावर माज्या भावाचं रगात आसंल.”

“असेल,” मी म्हटलं.

पंचनाम्यावर सही करायला पंच तयार होईनात. देवाच्या पोटातून मुद्देमाल जप्त केला, असं लिहिलं तर ते देवावर चोरीचा आळ आल्यासारखं होतं. शेवटी रणखांब्यांनी लिहिलं, ‘श्री देव म्हसोबा यांच्या अंगावरील आवरणातून, त्यांच्या पूर्वसंमतीने.’ न्यायालयात हे वाक्य वाचताना पुढे सरकारी वकिलाला खोकल्याची उबळ आली होती.

सगळी खोळ उतरल्यावर आत राहिला एक काळा, गुळगुळीत, दोन वर्षांच्या पोराएवढा धोंडा. एवढ्या दराऱ्याचा देव एवढासा बघून सगळ्यांनाच अवघडल्यासारखं झालं. गुरवाने घाईघाईने खांद्यावरचं उपरणं काढून त्याच्याभोवती गुंडाळलं.

प्रयोगशाळेत दोन्ही रिव्हॉल्व्हरांतून आम्ही कापसात बार काढले. भिंगाखाली एका बाजूला म्हसोबाची गोळी, दुसऱ्या बाजूला कापसातली. मेजरच्या गोळीशी एकही रेष जुळेना. आप्पासाहेबांच्या गोळीशी लावली आणि रेषा अशा सलग गेल्या की मधली फट दिसेना. चौबळ सरांनी बराच वेळ पाहिलं, पान थुंकून आले, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, “काणेकर, देव खोटं बोलत नाही म्हणतात ते एकदा तरी खरं निघालं.”

साक्षीला गेले तेव्हा मेजरला पहिल्यांदा पाहिलं. सडपातळ, ताठ, मिशा पिकलेल्या. तोवर त्याला सोडलं होतं आणि पिंजऱ्यात आप्पासाहेब उभे होते, त्याच कडक इस्त्रीत. साक्ष झाली. मी बाहेर आले तर मेजर व्हरांड्यात वाट बघत होता. त्याने खाडकन सलाम ठोकला. मला वाटलं, आभार मानणार.

“मॅडम, एक विचारायचं होतं. मग माझी कुठं गेली?”

“काय?”

“गोळी. नळीतून निघाली म्हणजे कुठंतरी गेलीच असणार. माझा हात खाली आला होता, मला पक्कं आठवतंय. एवढी माणसं, बायका-पोरं, आणि माझी गोळी त्यांच्यातून गेली. कुणाला लागली नाही ती त्यांच्या नशिबानं. पण सर्जा माझ्या बारानं मेला नाही, हे मी कशाच्या जोरावर म्हणू? दोनातली एक सापडली, मॅडम. दुसरी सापडत नाही तोवर मी सुटलो कुठं?”

“अहो, रेषा जुळल्या आहेत. कोर्टाने मानलंय.”

“कोर्टानं मानलंय,” तो मान हलवत म्हणाला. त्याला ते पटलं नव्हतं हे स्पष्ट दिसत होतं.

मागून मेजरीण आली. तिच्या काखेत तेच फडकं होतं. “कोर्टाच्या दारात आनि काय हुडकताय? घरला चला. भाकरी निवली,” ती म्हणाली आणि त्याच्या दंडाला धरून पायऱ्या उतरू लागली. तिच्या प्रश्नाचं उत्तर तिला मिळालं होतं. मी त्या दिवशी फार खुशीत घरी गेले.

आप्पासाहेबांना थोडकीच शिक्षा झाली, ती अपिलात लोंबकळत राहिली आणि निकाल लागण्याआधी ते अंथरुणात, सगळ्या गोतावळ्यात, मजेत गेले.

पुढे चौबळ सर निवृत्त झाले, त्यांच्या खुर्चीत मी बसले. न गळणारी पाण्याची टाकी आली. कापसाची पेटी कोपऱ्यात तशीच होती आणि मीही निवृत्तीला टेकले होते, तेव्हा एक दिवस पहारेकरी, तोही आता नवा, धापा टाकत आला. “मॅडम, एक म्हातारी ऐकत नाही.”

मेजरीण. पाठीत वाकलेली, कपाळ मोकळं. घोंगडीत गुंडाळलेलं काहीतरी जड तिने दाणकन माझ्या टेबलावर ठेवलं.

“हातभर मोकळं सोडून कापलंय. उकरलं न्हाई,” ती म्हणाली.

घोंगडी उलगडली. आत जुन्या सागवानी वाशाचा ठोकळा, धुराने काळा झालेला, आणि त्याच्या पोटाला बोट जाईल एवढं भोक.

“मेजर?” मी विचारलं.

“गेलं. सा म्हयनं झालं.” ती भुईवर बसली, पहिल्यांदा बसली होती तशीच. “बाई, तुमाला काय सांगू. घरी आला त्या दिसापास्नं ती एकच कटकट. माजी कुटं गेली, माजी कुटं गेली. रोज सकाळी काठी घिऊन म्हसोबाकडं. जोत्याचं दगड उकरलं, गडग्याची माती चाळली, झाडांच्या बुडख्यात खिळं मारून बगितलं. पोरं मागनं वरडायची, मेजर, गावली का? मी भांडायची. म्हनायची, कोर्टानं सोडलं, मी सोडलं, तुमीच का धरून बसलाय? ऐकलं न्हाई. मरस्तवर ऐकलं न्हाई.”

“आणि ही?”

“दहाव्याला कावळा शिवंना.” तिने डोळे फिरवले. “समदी भावकी हुबी, ऊन चढाय लागलं, पिंड तसाच. थोरला म्हनाला, आईला सांबाळतो. न्हाई. धाकला म्हनाला, वाटनीचं भांडान मोडतो. न्हाई. कोन म्हनालं, बिडी ठिवा. बिडी ठिवली, तर कावळा बिडीवर बसला, पिंडावर न्हाई. मंग मला कळलं. मी म्हनाले, आवो, तुमची गोळी मी हुडकते. आता तरी उठा. तसा झडप घालून घास घिऊन ग्येला मुडदा.”

मी हसले. तीही हसली.

“शब्द दिल्ता, आता हुडकायची कुटं? त्यानं भुईचा खडा खडा बगितलेला. तेवड्यात गावानं मंडप पाडाय काडला, नवा स्लॅब घालायचा म्हनून. आडव्या वाशावर आप्पासायबाचा बोर्ड ठोकलेला, ह्यो मंडप दुरुस्त केल्याबद्दल. मेजर तुरुंगात आस्ताना ठोकल्याला. बोर्ड काडला तर मागं ह्ये भोक. मी सुताराला म्हनलं, हात लावशील तर बग. आदी ह्यवडा कापून दे.”

नियमाने मला पोलिसांचं पत्र हवं होतं. चौबळ सर असते तर पान थुंकून आले असते. मी दार लावून घेतलं. लाकडी पाचर घालून ठोकळा शिरेच्या बाजूने उकलला. गोळीचं नाक लाकडात बसून थोडं चपटं झालं होतं, पण बूड आणि कडा शाबूत. माझ्या कपाटात शिकाऊ लोकांना दाखवायला ठेवलेल्या जुन्या चाचणी-गोळ्यांची डबी होती. तिच्यातली मेजरच्या रिव्हॉल्व्हरची गोळी काढली आणि दोन्ही भिंगाखाली लावल्या. थोडी फिरवली, आणखी थोडी. रेषा येऊन एकमेकींना भिडल्या.

“जुळली?” तिने विचारलं.

“जुळली. हीच ती.” मी लाकडातलं भोक पुन्हा पाहिलं. गोळी खालून सरळ वर शिरली होती. “मावशी, हा वासा पायरीजवळचाच ना?”

“व्हय. ढकलल्यावर मागं मंडपात रेटलं ग्येलं आस्तील. पायरीच्या आतल्या अंगाला, बराब्बर डोस्क्यावर.”

“मग त्यांचा हात खाली आलाच नव्हता. शेवटपर्यंत वरच होता.”

ती गुडघ्यावर हात देत उठली आणि भिंगापाशी आली. “मला दावा.” मी तिला स्टूलवर बसवलं आणि डोळा कुठे लावायचा ते दाखवलं. आत दोन अर्धी बिंबं दिसतात, मधोमध एक बारीक काळी रेघ, आणि दोन्हीकडून आलेल्या खाचा त्या रेघेवर एकमेकींत मिसळतात.

“ह्यातली त्याची कंची?”

“दोन्ही त्यांच्याच.”

ती बघत राहिली. बाहेर पहारेकरी कुणाशी तरी हुज्जत घालत होता, पंखा कुरकुरत होता. तिने डोळा काढला नाही.

“आनि म्हातारं जलमभर खाली बगत फिरलं,” ती म्हणाली.